खाड्याचा दिवस

घोडेगावच्या पेठेत सज्जनबाईंची पाण्याची गोष्ट ऐकली नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. अडतीस वर्षांपूर्वी, वैशाखाच्या उन्हात, वरच्या डोंगरातला एक म्हातारा हिरडा विकायला त्यांच्या दुकानात आला आणि ओट्याच्या पायरीवरच कोसळला. सगळी पेठ नुसती बघत राहिली, पण सज्जनबाई तांब्या घेऊन धावल्या आणि त्यांनी त्याला पाणी पाजलं. "घटाघटा प्यायला बिचारा," असं म्हणून त्या जरा थांबत, म्हणजे ऐकणाऱ्याला काही चांगलं बोलायला जागा मिळे. तो म्हातारा पुढे तासाभरात एस.टी. स्टँडावर वारला, हे त्या शेवटी आणि घाईघाईने सांगत. आपलं पुण्य माणसाला जितकं नीट आठवतं तितकं दुसरं काही आठवत नाही.

म्हाताऱ्याचं नाव सावळेराम. बरोबर त्याचा बावीस वर्षांचा मुलगा होता. सज्जनबाई तेव्हा त्याला गेण्या म्हणत. आता गेणभाऊ म्हणत, कारण ज्या घराच्या पायरीवर त्याचा बाप कोसळला, ते घर आता त्याचं होतं आणि सज्जनबाई त्यात भाड्याने राहत होत्या.

झालं ते असं. सज्जनबाईंचे यजमान उत्तमचंद शेठ म्हणजे हिरड्याचे जुने व्यापारी. डोंगरातल्या बाया-माणसांनी झाडाखाली वेचून वाळवलेला हिरडा त्यांच्या काट्यावर यायचा. पुढे तो धंदा बसला. मुलगा कल्पेश पुण्याला गेला, मोबाईलचं दुकान टाकलं, मग दुसरं टाकलं, मग फ्लॅट घेतला, आणि प्रत्येक वेळी बापाला 'शेवटचंच' म्हणाला. शेवटी घर विकायला काढलं. गेण्या तोवर गेणभाऊ झाला होता. भीमाशंकरला यात्रेकरू नेणारी जीप चालवता चालवता त्याच्या स्वतःच्या चार जीपा झाल्या होत्या. गावात नव्या इमारती पुष्कळ उभ्या राहत होत्या, पण त्याला हेच घर हवं होतं. सांगितलेल्या किमतीला त्याने एका शब्दात मान हलवली आणि वर म्हणाला, "शेट, तुमी कुटं जाता? खाली तुमीच ऱ्हावा. भाड्यानं."

सज्जनबाईंना गहिवरून आलं. पाण्याला जागला पोरगा, असं त्यांनी पेठेत चार ठिकाणी सांगितलं.

वरच्या मजल्यावर गेणभाऊने यात्रेकरूंसाठी खोल्या काढल्या. खाली पूर्वीचं दुकान आणि त्यामागची आतली खोली म्हाताऱ्या-म्हातारीकडे राहिली. करार अकरा महिन्यांचा. आणि करार संपला की एक दिवसाचा खाडा.

आता हा खाडा म्हणजे काय, तर भाडेकरू सलग राहिला की जागेवर हक्क सांगतो, अशी घरमालकांच्या मनात भीती. म्हणून अकरा महिने भरले की भाडेकरूने एक दिवस घर सोडायचं. सामान आत राहू द्यायचं, पण शेगडी, देव आणि अंथरूण एवढं बाहेर काढायचं, कुलूप लावून किल्ली मालकाच्या हातात द्यायची. दिवेलागणीला मालक किल्ली आणि नारळ घेऊन येणार, की पुन्हा अकरा महिने. कायद्याला हे ठाऊक असो नसो, ही अक्कल घोडेगावात आणली ती उत्तमचंद शेठनी. घर त्यांचं होतं तेव्हा माडीवर एक शाळामास्तर राहत. दर अकरा महिन्यांनी शेठ त्यांना बायकोपोरांसकट दिवसभर रस्त्यावर बसवत. एकदा तर मास्तरीण बाळंतीण होती. शेठ म्हणाले होते, नियम म्हणजे नियम. घर विकताना हा नियमही त्यांनी गेणभाऊला समजावून सांगितला, वर हसून म्हणाले, माझ्यापासूनच सुरुवात कर. विंचवाला नांगी लावून देणाऱ्याने मग तक्रार कोणाकडे करावी?

सहा खाडे बिनबोभाट झाले. अकरा महिन्यांचा हिशेब असल्यामुळे खाडा दरवेळी पंचांगात एक महिना मागे सरकायचा. पहिला दिवाळी होऊन गेल्यावरच्या थंडीत आला, पुढचा दिवाळीच्या तोंडावर, मग भादव्यात, श्रावणात, आषाढात, गेल्या खेपेला ज्येष्ठात. दोघं म्हातारे ओट्यावर सतरंजी टाकून बसत, डब्यातले ठेपले खात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. दिवस मावळला की गेणभाऊ किल्ली-नारळ घेऊन हजर. सज्जनबाईंना तर त्या दिवसाची सहलच वाटायला लागली होती.

सातवा खाडा वैशाखात आला, आणि तेव्हा उत्तमचंद शेठ खाटेवर होते. फाल्गुनात अर्धं अंग गेलं, मग मूत्रपिंडांनी हात टेकले. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, आवडीचं खायला घाला. शेठना खाण्यात गोडी उरली नव्हती. जीभ जड झाली होती, तरी ते दिवसातून दहा वेळा एकच गोष्ट सांगत. "आतल्या खोलीत. बापू तिथंच गेले. मला पण तिथंच." त्यांचे वडील त्या खोलीत गेले होते, आईही तिथेच गेली होती. सज्जनबाई पंख्याखाली त्यांचा हात धरून बसत आणि म्हणत, तिथंच, दुसरीकडे कुठं? तेवढं एकच मागणं उरलं होतं त्या माणसाचं.

खाड्याच्या आठ दिवस आधी सज्जनबाईंनी गेणभाऊला गाठलं. तो वरच्या खोल्यांच्या चादरी मोजून घेत होता.

"गेणभाऊ, येवढ्या डावाला खाडा राहू द्या. शेठना हलवायचं म्हणजे जीव जाईल."

"शेटानीबाई," गेणभाऊ शांतपणे म्हणाला, "नियम शेटचाच हाये. मोडनारा मी कोन? सकाळी घ्यायची किल्ली, दिवेलागनीला द्यायची. सहा डाव दिली का न्हाई?"

"दिली."

"मंग. येका दिसाचं काय यवढं."

सज्जनबाईंना वाईट वाटलं, पण राग आला नाही. मालकाचं मन राखावं लागतं, हे त्या स्वतः मालकीण असताना दुसऱ्यांना सांगत आलेल्या होत्या.

मग पप्पू आला. हा पप्पू तहसील कचेरीसमोर बसायचा, लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरोघरी करार करून द्यायचा. गेणभाऊचे करारही तोच करी. पण पोरगा सरळ होता. त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून बोलला.

"मावशी, नीट ऐका. करार संपला की तीन वाटा असत्यात. एक, दोघांनी राजीखुशीनं नवा करार करायचा. तो आज बी व्हतो, खाड्याची गरज नाय, खाडा-बिडा कायद्यात काय नाय. दुसरी, घर सोडायचं. तिसरी, गप बसून ऱ्हायचं. मालक लई तर काय करंल? वर अर्ज करंल, डबल भाडं मागंल. पन तिथनं हुकूम येस्तवर महिने जात्यात, तवर तुमाला कोन हात धरून काढू शकत नाय. काका तुमचे असे. तिसरी वाट धरा. किल्ली तेवढी हातातनं सोडू नका."

"आणि लोक काय म्हणतील? शेठनी घर दाबलं?"

"लोक काय खाट उचलायला येनार हायेत का?"

"तुला ठाऊक नाही पप्पू. त्याच्या बापाला मी पाणी पाजलंय ह्या हातानं. तो नाही दगा द्यायचा."

पप्पूने कपाळाला हात लावला. ही गोष्ट त्याने चौदा वेळा ऐकली होती. चहा न घेताच तो गेला.

चौथी वाट म्हणून सज्जनबाईंनी कल्पेशला फोन लावला. "बाई, आत्ता नको," तो म्हणाला; आईला तो बाईच म्हणे. "आमची लिफ्ट बंद आहे, चौथ्या मजल्यावर खाट कशी चढवायची? आणि डिंपलच्या माहेरचे आलेत सुट्टीला. पुढच्या महिन्यात बघू." मागून मुलांचा हसण्याचा आवाज येत होता. पुढच्या महिन्यात बघण्यासारखं काही उरणार नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तो पुढचा महिना म्हणाला.

खाड्याच्या दिवशी सकाळी गेणभाऊने आपण होऊन माणूस पाठवला. सोपान, त्याचा जीपवाला, आणि आणखी दोघे. त्यांनी खाट अलगद उचलली. उंबऱ्यावर शेठनी धड असलेला हात काढून चौकट धरली. लाकडावर ती बोटं अशी घट्ट बसली की सोपानला एकेक सोडवावं लागलं. सज्जनबाई म्हणत होत्या, "संध्याकाळी परत यायचंय, अहो, संध्याकाळी." खाट ओट्यावर भिंतीच्या सावलीत ठेवली. शेगडी निघाली, देवाची तसबीर निघाली. सज्जनबाईंनी कुलूप लावलं आणि किल्ली गेणभाऊच्या हातात ठेवली. सातव्यांदा ठेवली, सवयीने.

गेणभाऊ या खेपेला निघून गेला नाही. समोरच्या लिंबाखाली त्याने जीप लावली आणि आत बसून राहिला. सज्जनबाईंना उलट बरंच वाटलं. काही लागलं-सवरलं तर आहे जवळ, असं त्या मनात म्हणाल्या.

दहा वाजता सावली दोन हात होती, अकराला एक हात झाली. बाराला सावली ओट्यावरून उतरून गेली आणि ऊन खाटेवर चढलं. सज्जनबाईंनी लुगड्याचा आडोसा धरला, वर्तमानपत्राने वारा घातला. शेठचे ओठ पांढरे पडले, श्वास अडकून अडकून यायला लागला. पेठेतली शटर्स जेवणाच्या वेळेची अर्धी खाली आली होती. दोन-चार जणांनी वाकून पाहिलं, हळहळ केली आणि शटरखाली परत गेले. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतात, इथे काळाचंसुद्धा कोणाला पडलेलं नव्हतं. गल्लीतल्या जैन स्थानकात हलवावं म्हणून सज्जनबाईंनी तिथली व्यवस्था बघणाऱ्या विपुलला फोन केला, स्थानकाची किल्ली त्याच्याकडे असे. विपुल लग्नाला नगरला गेला होता.

शेठनी डोळे उघडले. "आत," म्हणाले. "सज्जन, आत."

सज्जनबाई अनवाणीच तापल्या डांबरावरून जीपकडे गेल्या.

"गेणभाऊ, कुलूप काढा. पंख्याखाली घालू द्या त्यांना. दोन तास. मी पाया पडते."

गेणभाऊ खाली उतरला. आधी जिन्याने वर गेला आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आला. तो ओट्यावर आला, शेठच्या चेहऱ्यावर वाकला. मग बोलला, आणि त्याचा आवाज एकदाही चढला नाही.

"आत नको."

"अहो, असं काय करता..."

"आत नको. वट्यावर बी नको. धंद्याची जागा हाये. बरंवाईट झालं तर?"

सज्जनबाईंना शब्द ओळखीचे वाटले. कुठे ऐकले ते क्षणभर कळेना, आणि मग कळलं, की ऐकले नव्हते.

"तुमीच म्हन्ला व्हता, शेटानीबाई. हितंच, ह्या पायरीव. म्या म्हन्लं, बाच्या छातीत कळ आलीया, आत पंख्याखाली घालू द्या, एस.टी. येस्तवर. शेट काट्यामागं बसलं व्हतं, त्येंनी तुमच्याकडं बघितलं. तुमी हे म्हन्ला. वर म्हन्ला, स्टँडाव सिमेंटचं बाकडं हाये, थितं ने."

"मी पाणी दिलं होतं," सज्जनबाई म्हणाल्या. दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतंच.

"दिलं व्हतं. वरनं वतलं. तांब्याला वठ लागू ने म्हून हातभर वरनं. आडव्या मानसाच्या तोंडात. समदं नाकात गेलं. ठसका लागला त्यो लागला, स्टँडावर जास्तवर थांबला न्हाई." गेणभाऊने तांब्या त्यांच्यापुढे धरला. "तुमी समद्या पेठंला सांगता, घटाघटा पिला. म्या अडतीस वर्सं ऐकतोय."

खोटं आहे म्हणावं, तर हातभर उंचीवरून पडणारी ती धार सज्जनबाईंना आत्ता डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होती. तांब्या बाटू नये म्हणून आपण दंड किती उंच धरला होता, हेही दिसत होतं.

"मग येवढी वर्षं का थांबलास?" अडतीस वर्षांनी त्यांच्या तोंडून पुन्हा एकेरी निघालं.

"पैला खाडा कार्तिकात आला. बा वैशाखात गेला. खाडा म्हैना म्हैना मागं येतो, तुमच्याच शेटचा हिसाब. म्या नुस्ता थांबलो." त्याने शेठकडे पाहिलं. "शेट आजारी पडतील हे काय माज्या हातात न्हवतं. त्ये आसंच झालं."

त्याने सोपानला खूण केली. करार काल रात्री बाराला संपला होता आणि किल्ली गेणभाऊच्या खिशात होती. तीन वाटा होत्या, त्यांतली एकही आता सज्जनबाईंची नव्हती. ओरडल्या असत्या तर कदाचित चार माणसं शटरखालून बाहेर आली असती. पण पेठेत आवाज चढवायचा नाही असं वळण त्यांना लहानपणापासून होतं, आणि लोकांनी काय झालं विचारलं असतं तर सांगायचं काय?

सोपानने शेठना गादीसकट जीपमध्ये घेतलं. त्याने गेणभाऊकडे बघायचं टाळलं. गाडी सुरू झाल्यावर हळूच म्हणाला, "मावशी, स्टँडावर न्हाई सोडत. सरकारी दवाखान्यात घेतो." सज्जनबाईंनी मान डोलावली. मांडीवर तांब्या होता, तो केव्हा हातात घेतला त्यांना आठवत नव्हतं.

स्टँडासमोर भीमाशंकरची एस.टी. वळत होती, म्हणून जीप थांबली. तेवढ्यात शेठच्या घशातून एक आवाज आला आणि मान कलली. सोपान म्हणाला, उतरवू या, वारं लागू द्या. जवळ सावली एकच होती, पत्र्याच्या शेडची, आणि शेडखाली सिमेंटचं बाकडं. त्यांना बाकड्यावर घातलं. सज्जनबाईंनी तांब्या त्यांच्या ओठांना टेकवला, अगदी टेकवला, आणि शेठचे दात तांब्याच्या काठावर वाजायला लागले. पाणी गळ्याखाली उतरलं नाही, गालावरून बाकड्यावर सांडलं. दात वाजायचे थांबले तेव्हा तांब्या अजून अर्धा भरलेला होता.

"आत," असं काही ते पुन्हा म्हणाले नाहीत.

माणसं जमली. कोणी चादर आणली, कोणी कल्पेशला फोन केला. तो लगेच निघाला, यावेळी लिफ्टचं नाव काढलं नाही. एक म्हातारी आदिवासी बाई हिरड्याची पिशवी बाजूला ठेवून सज्जनबाईंच्या पाठीवर हात फिरवत बसली. तिला ती पाण्याची गोष्ट ठाऊक नव्हती.

दिवेलागणीला गेणभाऊ स्टँडावर आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने आधी मृतदेहाला हात जोडले. आणि ते खोटं नव्हतं. मग एका हातात नारळ आणि एका हातात किल्ली धरून तो बाकड्यापुढे उभा राहिला.

"खाडा झाला, शेटानीबाई," तो म्हणाला. "माजा शबूद मोडायचा न्हाई. आतली खोली तुमचीच. पप्पूला सांगतो, करार तुमच्या येकटीच्या नावानं करील. आकरा म्हैने."

सज्जनबाई त्याच्या तळहाताकडे बघत राहिल्या. त्याच्या तोंडावर थुंकावं असं त्यांना फार फार वाटलं. पण चौथ्या मजल्यावरची लिफ्ट आठवली, पुढच्या महिन्यात बघू म्हणणारा आवाज आठवला, आणि आतल्या खोलीतला पंखा, त्याखाली शेठची उशी, तशीच दाबलेली. पुढचा खाडा चैत्रात येणार होता. तेव्हा आपलं वय एकोणसत्तर असेल, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि ओंजळ पुढे केली. गेणभाऊने आपला हात नीट वर उचलला आणि हातभर उंचीवरून किल्ली त्यांच्या ओंजळीत सोडली.